खरं सांगणाऱ्या ड्रायव्हरला दारातून परत पाठवू नका

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ट्रक मालक, ट्रान्सपोर्टवाले, हुंडेकरी आणि मोटार मालक संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी कराडला अवजड गाड्या चालवायला शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं बेंगलोर लाइनला होतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या गाड्यांवर माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आहेत, म्हणून हे पत्र हक्काने लिहितो आहे.

शिकायला नवी पोरं येतात, तशी आणखीही काही माणसं माझ्याकडे येतात. चाळिशी ओलांडलेली, निम्मं आयुष्य स्टेअरिंगवर गेलेलं, हातात वैध लायसन्स, आणि तरी घरी बसलेली. कुणावर अपघाताची केस आहे, कुणाचं लायसन्स मागे तीन महिने निलंबित झालं होतं, कुणाला जुन्या मालकाने ‘गाडी घासली’ म्हणून उतरवलंय. त्यांना शिकायचं नसतं. ‘सर, कुठं तरी शब्द टाका’ एवढंच म्हणायचं असतं. मी फोन करतो आणि तुमच्याकडून पहिला प्रश्न येतो, ‘रेकॉर्ड कसं आहे?’

प्रश्न बरोबर आहे. अठ्ठावीस टनांची भरलेली दहाचाकी खंबाटकीचा बोगदा ओलांडून एस वळणाच्या उताराला लागते, तेव्हा तिच्या पुढे दुचाकीवरचं कुटुंब असतं, एसटी असते, शाळेची सहल असते. चावी कुणाच्या हातात द्यायची हे तुम्ही पारखलंच पाहिजे. पण मी खरं उत्तर दिलं, ‘त्याच्यावर एक केस आहे, पण माणूस चांगला आहे’, की पुढचं कुणी ऐकत नाही. ‘मग राहू द्या.’ तोच माणूस दुसऱ्या तालुक्यात जातो, तोंड उघडत नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन हैदराबादला निघतो. जो सांगतो त्याला काम नाही आणि जो लपवतो त्याला आहे. हे सगळ्या ड्रायव्हरांना पक्कं कळलेलं आहे. त्यामुळे तुमच्या दारात जे ‘क्लीन’ उभे राहतात, त्यांतला कोण खरोखर क्लीन आहे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

मुळात हे रेकॉर्ड असतं कुठे? कॅमेऱ्याने पकडलेलं ई-चलन गाडीच्या नंबरावर फाटतं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो. त्या वेळी गाडीवर कोण होतं, ते त्या चलनावर नसतं. तुम्ही ती रक्कम ड्रायव्हरच्या हिशेबातून कापता, तो दोन महिन्यांनी दुसरी गाडी धरतो, चलन तुमच्या गाडीच्या नावावर राहतं. म्हणजे पाच मालकांच्या गाड्या बेफाम पळवलेला माणूस कोरं लायसन्स दाखवू शकतो. दुसरा कुणी एकदाच नाक्यावर हातात सापडतो, पोलीस लायसन्स जमा करून घेऊन आरटीओकडे पाठवतात, निलंबन होतं, आणि ते त्याला जन्मभर पुरतं. सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स चालू आहे का, ट्रान्सपोर्टची, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवायच्या परवानगीची मुदत कधी संपते, हे दिसतं. ते प्रत्येकाचं बघा, माझ्या शब्दावरही विसंबू नका. पण तो माणूस घाटात कसा उतरतो, हे तिथे दिसत नाही.

उरतो तो जुन्या मालकाला केलेला फोन. खरं रेकॉर्ड आपण त्यालाच मानतो. त्या मालकाकडे ड्रायव्हरचे दोन महिन्यांचे पैसे अडकलेले असतील तर तो काय सांगणार? आणि ज्याला त्या ड्रायव्हरची ब्याद घालवायची आहे, तो तोंड भरून स्तुती करतो, हेही तुम्ही अनुभवलं असेल. एका फोनवर एका घराची चूल अवलंबून राहते, आणि फोनवर काय बोललं गेलं ते ड्रायव्हरला कधीच कळत नाही. त्याला बाजू मांडायला जागाच नसते.

माझं म्हणणं असं की रेकॉर्ड खराब आहे का, एवढ्यावर थांबू नका. कशामुळे खराब झालं, ते त्याच्या कागदांवरून आणि त्याच्या तोंडून ऐकून घ्या.

ओव्हरलोड घ्या. २०१८ मध्ये केंद्राने एक्सल लोड वाढवला, दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. तरी खडी, क्रश सँड, ऊस यांच्या गाड्या कशा भरल्या जातात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार झाला. तो तुम्ही भरता, मान्य. पण ओव्हरलोडसाठी लायसन्सही निलंबित होतं आणि ते ड्रायव्हरचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवलं की भरधाव वेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, गाडी चालवताना मोबाइल, मालवाहू गाडीत माणसं भरणं आणि ओव्हरलोड यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. या यादीतल्या बाकी गोष्टी ड्रायव्हरच्या हातातल्या आहेत. माल किती भरायचा, हे तो ठरवत नाही.

जत भागातला एक ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. काट्यावर वजन बघून त्याने मालकाला फोन केला होता, की माल फार जास्त आहे. उत्तर आलं, ‘जमत नसेल तर चावी ठेव.’ त्याने चावी ठेवली नाही, कारण घरी पोरीचं लग्न ठरलेलं होतं. पुढच्या नाक्यावर गाडी धरली, लायसन्स गेलं. मालकाने दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस बसवला. तीन महिन्यांनी लायसन्स परत आलं, पण काम आलं नाही. ज्या चार ठिकाणी त्याने ओव्हरलोडची गोष्ट खरीखरी सांगितली, तिथून तो ओव्हरलोडमुळेच परत आला, आणि त्या चारांतल्या निदान दोघांच्या गाड्या काट्यावर कशा जातात ते मला ठाऊक आहे. आपण ज्या गोष्टीचा हुकूम देतो, त्याच गोष्टीसाठी माणूस नाकारणं हा अन्याय आहे. यापेक्षा सौम्य शब्द माझ्याकडे नाही.

तासांचंही तसंच. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली आला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली. तासगावच्या द्राक्षाची गाडी दिल्लीच्या बाजारात वेळेत पोचवायची म्हणून एकटा ड्रायव्हर किती तास बसतो, ते तुमच्या जीपीएसवर तुम्हाला दिसतं. झोपेने डोळा लागला आणि पुढच्या ट्रेलरला धडक बसली, तर केस ड्रायव्हरवर. डबल ड्रायव्हर न देण्याचा निर्णय कुणाचा होता, ते एफआयआरमध्ये येत नाही. म्हणून अपघाताची केस सांगणाऱ्याला विचारा: किती वाजले होते, निघून किती तास झाले होते, क्लीनर होता का, माल काय होता. चार प्रश्नांत माणूस उलगडतो. खोटं बोलणारा तिसऱ्या प्रश्नाला अडतो.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: अपघातानंतर तू काय केलंस? मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळवून द्यायचे. जमावाच्या रागामुळे तिथे थांबणं शक्य नसेल, तर ती सूट कायद्यानेच दिली आहे. पण जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत कळवायचं. गर्दी मारायला धावली म्हणून जो गाडी सोडून निघाला आणि थेट ठाण्यात जाऊन उभा राहिला, तो माणूस वेगळा. दोन महिने गावाकडे लपून बसलेला वेगळा. आपल्या बाजारात दोघांनाही ‘केसवाला’च म्हणतात. पहिल्याला मी माझ्या घरच्यांना बसवून गाडी देईन.

केस म्हणजे शिक्षा नव्हे, हेही सांगायला हवं. हायवेवर मोठी गाडी आणि दुचाकी भिडली की गुन्हा मोठ्या गाडीवर दाखल होतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली. खटला निकाली निघायला वर्षं लागतात. अपघात हुबळीजवळ किंवा चित्रदुर्गजवळ झाला असेल तर तारखेला तिकडे जावं लागतं, दोन-तीन दिवस मोडतात. ‘हा सारखा तारखेला जाणार’ म्हणून तुम्ही नको म्हणता, ते मी समजू शकतो. पण वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करता येतो, आणि गाडी त्याच लाइनला जाणार असेल तर तारीख धरून खेप लावता येते. पाटण भागातला एक जण अशा केसमधून निर्दोष सुटला. निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतो. अजून कुणी ती उघडून वाचलेली नाही.

घाटाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी खरी भीती तिथे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ, आपल्याच हायवेच्या उतारावर, एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं तपासात पुढे आलं. इंजिन बंद झालं की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीतली हवा चार-पाच वेळा ब्रेक मारला की संपत येते, स्टेअरिंग जड होतं, आणि मग भरलेली गाडी कुणाच्याच हातात राहत नाही. न्यूट्रलवर सोडली तरी इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो आणि लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. ड्रायव्हर असं का करतात? आपल्याकडे ‘अ‍ॅव्हरेज’, म्हणजे लिटरमागे किलोमीटर, कमी आलं की पगारातून कापण्याची पद्धत आहे, हे त्याचं मोठं कारण. ज्याने अ‍ॅव्हरेज चांगलं काढून दिलं तो चांगला ड्रायव्हर, अशी नोंद तुमच्या मुनीमजीच्या वहीत असते. त्या नोंदीतला एखादा माणूस कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत न्यूट्रलवर उतरत असेल. माझ्या दृष्टीने त्याचं रेकॉर्ड खराब आहे, मग लायसन्स कितीही कोरं असो.

म्हणून कुणासाठीही शब्द टाकण्याआधी मी त्याला भरलेल्या गाडीवर बसवतो. एखादा मालक गाडी देतो, आम्ही पाटणवरून कोयनानगरला जातो आणि कुंभार्लीचा घाट उतरतो. मी बोलत नाही, बघतो. निघण्याआधी त्याने टायर ठोकून पाहिले का. हवेचा काटा पूर्ण वर येईपर्यंत थांबला का. घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडला, की उतारावर आल्यावर धडपडला. ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, हे जुन्या माणसांनी आपल्याला शिकवलंय. ते त्याच्या हातात आहे का. एक्झॉस्ट ब्रेक कधी लावतो. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरतो, की दाबून सोडतो. मागून एखादी कार सारखी हॉर्न देत राहिली तर चिडतो का. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. केस अंगावर घेतलेली कित्येक माणसं या चाचणीत इतकी सांभाळून उतरतात की कोऱ्या लायसन्सवाल्या पोरांनी शेजारी बसून बघावं. सगळी नाही. काही जण हात आणि नजर दोन्ही गमावून बसलेले असतात, त्यांना मी तिथेच सांगतो की डोळे तपासून घे आणि तोवर गाडीचं नाव काढू नको.

दारूच्या बाबतीत मात्र मी कुणाचीही बाजू घेणार नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा त्याला काही महिन्यांनी लायसन्स परत देतो. म्हणून तुम्ही लगेच गाडी द्यावी, असं मी म्हणणार नाही. असे लोक येतात तेव्हा मी त्यांना गोदामात, काट्यावर, पार्टच्या दुकानात काम बघायला सांगतो. वर्षभर माणूस सुटलेला दिसला, घरची बाई स्वतः येऊन ‘आता ठीक आहे’ म्हणाली, तर पुढचं बोलणं. आणि दुसऱ्यांदा सापडला असेल तर माझ्याकडून शब्द नाही.

विम्याची भीती तुम्ही नेहमी पुढे करता. ‘खराब रेकॉर्डवाला बसवला आणि काही झालं तर क्लेम अडेल.’ थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मालवाहू गाडीच्या वजनाप्रमाणे ठरतो आणि तो सरकार ठरवतं. ड्रायव्हर कोण आहे यावर तो बदलत नाही. पॉलिसीत अट असते ती एवढी, की अपघाताच्या वेळी ड्रायव्हरकडे त्या वर्गाच्या गाडीचं वैध लायसन्स असावं आणि त्याला अपात्र ठरवलेलं नसावं. जुनी केस, संपलेलं निलंबन यांनी पॉलिसी बाद होत नाही. निलंबन चालू असताना किंवा ट्रान्सपोर्टची पाच वर्षांची मुदत संपलेली असताना गाडी दिलीत, तर मात्र कंपनी मयताच्या घरच्यांना पैसे देईल आणि तुमच्याकडून वसूल करेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून हीच वाट आहे. म्हणजे विम्यासाठी बघायची ती तारीख, आणि ती पोर्टलवर दोन मिनिटांत दिसते.

एक गोष्ट मला सलते, तीही लिहितो. पावसाळ्यात जो माणूस तुम्हाला नको असतो, त्याला उसाचं गाळप सुरू झालं की तुम्हीच शोधत येता. कारखान्याचा करार झालेला असतो, उचल दिलेली असते, टोळी फडात उतरलेली असते, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. मग रेकॉर्ड कुणी विचारत नाही. लायसन्स ट्रान्सपोर्टचं आहे की नुसतं ट्रॅक्टरचं, तेही बघितलं जात नाही. खराब रेकॉर्ड खरंच धोक्याचं असेल, तर ते डिसेंबरात रात्री, रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या असताना जास्त धोक्याचं आहे. आणि तेव्हा तो माणूस चालत असेल, तर जुलैत काय बिघडलं?

ड्रायव्हर मिळत नाहीत, ही तुमची तक्रार खरी आहे. देशात बावीस लाख ड्रायव्हर कमी आहेत, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी स्वतः सांगितलंय. तुमच्या-माझ्या घरातली पोरं या लाइनला यायला तयार नाहीत. मग आहेत त्यांना सांभाळून परत उभं करण्याची काही रीत आपल्याला बसवावी लागेल.

संघटनांना माझी विनंती अशी आहे. ड्रायव्हर काम सोडतो तेव्हा त्याला एक चिठ्ठी द्या: कधीपासून कधीपर्यंत होता, कोणत्या गाडीवर, कोणत्या लाइनला, अपघात झाला का, झाला तर कसा. खाली मालकाची सही आणि ड्रायव्हरची सही. दोघांचं पटत नसेल तर दोघांनी आपापलं लिहावं. नव्या ठिकाणी त्याने ती चिठ्ठी दाखवावी आणि फोनवरची कुजबुज बंद व्हावी. कामावर घेताना एक साधा अर्ज भरून घ्या, त्यात केस आणि निलंबन यांचे रकाने ठेवा, आणि अर्जाच्या वरच स्पष्ट छापा की इथे खरं लिहिल्यामुळे काम नाकारलं जाणार नाही, लपवलेलं सापडलं तर मात्र काढलं जाईल. हे वाक्य छापणं आणि पाळणं, दोन्ही लागेल.

मग त्याला सरळ बेंगलोर लाइनला पाठवू नका. पहिले तीन महिने जवळचं भाडं द्या, दिवसाचं. सांगली मार्केट यार्ड ते कुपवाड, कराड ते शिरवळ. सोबत जुना ड्रायव्हर द्या. पगार मात्र पूर्ण द्या. ‘तुला कोण घेणार’ म्हणून अर्ध्या पगारात राबवायचं आणि मूळ लायसन्स तारण म्हणून कपाटात ठेवायचं, हे आपल्या भागात होतं आणि ते थांबलं पाहिजे. कायद्यातही आता निलंबित लायसन्स परत देण्याआधी रिफ्रेशर ट्रेनिंगची अट आली आहे. ते ट्रेनिंग नुसत्या सर्टिफिकेटपुरतं उरकलं जाऊ नये म्हणून संघटनेने आपल्या गाडीवर, आपल्या घाटात एक चाचणी ठेवावी. अ‍ॅव्हरेजची कपात बंद करा, किंवा निदान घाटाच्या लाइनला तरी बंद करा.

खंडेनवमीला तुम्ही गाड्यांची पूजा कराल, त्यानंतर हंगामाची माणसं भरायला सुरुवात होईल. त्याआधी कराड, सातारा, सांगली, जिथे सोयीचं असेल तिथे एक बैठक लावा आणि हा विषय घ्या. अर्जाचा आणि चिठ्ठीचा नमुना मी लिहून ठेवलाय, तो घेऊन येतो. चाचणीसाठी भरलेली गाडी आणि डिझेल तुमचं. रविवारी मी मोकळा असतो, त्याचे पैसे मला नकोत. माझ्याकडे आज जी माणसं थांबलेली आहेत, त्यांना त्यांच्या सगळ्या कागदांसकट घेऊन येईन. कागद उघडून वाचा, समोर बसवून विचारा, आणि मग ज्याला नाही म्हणायचं त्याला कारण सांगून नाही म्हणा.

आपला नम्र,
अवजड वाहन प्रशिक्षक, कराड